फोटोमागचे नाव

2019 च्या ऑगस्टमध्ये कृष्णेचे पाणी सांगलीत आयर्विन पुलाजवळ 57 फुटांवर गेले. नदीकाठचे आमचे नातलग तेव्हा विश्रामबागेत आमच्याकडे आले. येताना त्यांनी कपडे, औषधे, रेशनकार्ड आणले. जुन्या फोटोंची पत्र्याची पेटी तेवढी घरातच राहिली. पाणी ओसरल्यावर ती उघडली, तर पोस्टकार्डांवरची शाई पसरलेली आणि फोटो एकमेकांना चिकटलेले. आम्ही घाईने ते ओढून वेगळे केले आणि कित्येक चेहरे आमच्याच हातांनी पुसले गेले. वाचलेल्या एका फोटोत चौदा माणसे आहेत. ती कोण, हे सांगणारी दादी आता हयात नाही.

आपल्या भागाला इतिहासाच्या कागदांचे मोल नवे नाही. मिरजेच्या शाळेत शिकवणाऱ्या वासुदेवशास्त्री खरे यांनी पटवर्धनांची दप्तरे धुंडाळली आणि 1897 पासून ‘ऐतिहासिक लेखसंग्रह’ छापायला घेतला. एका शिक्षकाच्या चिकाटीमुळे मराठेशाहीचा उत्तरकाळ अभ्यासकांपुढे खुला झाला. पण दप्तर सरदारांचे होते. त्यात स्वाऱ्या, तह आणि वसूल. सरदाराच्या तलवारीला धार लावणाऱ्या शिकलगाराचे दप्तर कोणी ठेवले नाही.

संस्थानी फौजांचे दिवस सरले, तसे मिरजेतले हेच शिकलगार सतार-तंबोऱ्यांकडे वळले. भोपळा, लाकूड आणि तार यांच्यातून त्यांनी मिरजेचे नाव देशभर नेले. 2024 साली मिरजेच्या सतारीला आणि तानपुऱ्याला भौगोलिक मानांकन मिळाले. अशा मानांकनासाठी परंपरेचा पुरावा द्यावा लागतो. जुनी पावती, गवयाने पाठवलेले पत्र, दुकानासमोर काढलेला फोटो, यांची किंमत अशा वेळी कळते. किराणा घराण्याचे अब्दुल करीम खाँ 1937 साली वारले आणि मिरजेच्या ख्वाजा शमना मीरा दर्ग्याच्या आवारात विसावले. त्यांचा चेहरा जग ओळखते. त्या काळचे तंबोरे घडवणाऱ्या कारागिरांपैकी कितीजणांचे चेहरे आपण ओळखतो?

आमच्या विश्रामबागेत 1919 साली स्थापन झालेले विलिंग्डन महाविद्यालय आहे. महाविद्यालयांच्या समूहफोटोखाली नावे ओळीने छापलेली असतात. मोहल्ल्यातल्या लग्नाच्या फोटोखाली ती कोण छापणार? ते काम घरच्यांचेच.

कागदांचेही तसेच. काझी, मुलाणी, इनामदार यांच्या घरांतून मोडी लिपीतले मराठी कागद निघतात. काहींवर फारसी शिक्के असतात. वाचता येत नाहीत म्हणून ते माळ्यावर पडतात, किंवा जमिनीचा दावा निकाली निघाला की रद्दीत जातात. आपले वाडवडील कोणत्या भाषेत व्यवहार करत होते, याचा याहून बोलका दाखला कोणता? मराठी ही आपल्याला कोणी उसनी दिलेली नाही, हे त्या कागदांत लिहिलेले आहे.

साध्या पोस्टकार्डालाही हलके समजू नये. भारतात ते 1879 साली आले. त्यावरचा टपालाचा शिक्का तारीख आणि गाव सांगतो. मजकुरातून धान्याचा भाव, आजारपण, नोकरीसाठी मुंबईला गेलेला मुलगा, असे बरेच काही कळते. दरबारी दप्तरात हे सापडत नाही.

आम्हाला जे उशिरा समजले, ते वाचकांनी आधीच करावे. भिजून चिकटलेले फोटो ओढू नयेत; स्वच्छ थंड पाण्यात ठेवून सुटू द्यावेत आणि सावलीत चेहरा वर करून वाळवावेत. कागदांना चिकटपट्टी लावू नये, लॅमिनेशन करू नये. सगळ्याची स्कॅन केलेली प्रत दुसऱ्या गावी असलेल्या नातलगाकडे ठेवावी. कृष्णा 2005 साली आली, 2019 साली आली, 2021 साली पुन्हा आली.

आणि सर्वांत आधी, घरातल्या म्हाताऱ्या माणसाजवळ फोटो घेऊन बसावे. मऊ शिसपेन्सिलीने मागच्या बाजूला हलक्या हाताने नावे, गाव आणि साल लिहावे. बायकांची नावेही लिहावीत. ‘अमक्याची बीवी’ एवढ्यावर भागवू नये.

आमच्या त्या फोटोतली चौदापैकी पाच माणसे आम्ही विचारून विचारून ओळखली. उरलेल्या नऊजणांना ओळखणारे कोणी कुठे असेल, या आशेवर फोटो जपून ठेवला आहे.