सर्वश्रेष्ठ कोण? : बाळू पालवणकर आणि यादीबाहेरचा इतिहास

‘सर्वश्रेष्ठ कोण?’ हा आपल्या समाजाचा आवडता वाद आहे. गावसकर की तेंडुलकर, बालगंधर्व की केशवराव भोसले, केशवसुत की मर्ढेकर, अशा जोड्या लावून आपण तासन् तास बोलू शकतो. या वादाचा निकाल कधी लागत नाही, कारण प्रत्येक पिढी आपले तारुण्य पुरावा म्हणून पुढे करते. वाद निरुपद्रवी आहे, रंजकही आहे. परंतु इतिहासाच्या अभ्यासकाने त्याकडे पाहताना एक गोष्ट ध्यानात घ्यायला हवी. श्रेष्ठत्वाच्या प्रत्येक वादामागे एक गृहीतक दडलेले असते. ज्यांच्या अंगी गुण होते ते सगळे मैदानात उतरले होते आणि त्यांना आपला गुण पुरता दाखवता आला होता, असे आपण न बोलता मानून चालतो. प्रस्तुत लेखात हे गृहीतक तपासून पाहायचे आहे.

आरंभी थोडे दूरचे उदाहरण घेऊ. अमेरिकन फुटबॉलमध्ये ‘क्वार्टरबॅक’ नावाची एक जागा असते. डाव कसा खेळायचा हे सहकाऱ्यांना सांगणारा, चेंडू हातात घेऊन क्षणार्धात निर्णय करणारा असा हा खेळाडू. इतरांनी धावायचे, धडकायचे, झेलायचे. विचार याने करायचा. साहजिकच ‘सर्वश्रेष्ठ क्वार्टरबॅक कोण?’ हा तिथला न संपणारा वाद. जॉनी युनायटस, चार अजिंक्यपदे मिळवणारा जो मोंटाना, सात अजिंक्यपदे मिळवणारा टॉम ब्रेडी ही त्यातली नेहमीची नावे. या यादीतील जुनी नावे जवळजवळ सगळी गोऱ्यांची आहेत. कृष्णवर्णीय तरुणांना या खेळात मज्जाव नव्हता. ते धावत होते, झेलत होते. मात्र विचार करण्याच्या जागेवर त्यांना बसू दिले जात नसे. महाविद्यालयात क्वार्टरबॅक म्हणून चमकलेल्या मुलाला व्यावसायिक संघात गेल्यावर दुसरी जागा दिली जाई. वॉरन मून याला 1978 साली एकाही संघाने निवडले नाही. तो कॅनडात गेला, तिथे त्याच्या संघाने लागोपाठ पाच वर्षे अजिंक्यपद जिंकले, तेव्हा कुठे 1984 मध्ये त्याला स्वदेशी परतता आले. सुपर बोल जिंकणारा पहिला कृष्णवर्णीय क्वार्टरबॅक डग विल्यम्स हा 1988 सालचा. मून कॅनडात घालवलेली ती वर्षे आपल्या देशात खेळला असता तर त्याचा क्रमांक कितवा लागला असता? आकडे या प्रश्नावर गप्प राहतात.

आता हाच प्रश्न आपल्या घरी आणू. भारतीय क्रिकेटमधील श्रेष्ठ फिरकी गोलंदाजांची चर्चा बहुधा विनू मंकड, सुभाष गुप्ते यांच्यापासून सुरू होते आणि बेदी, प्रसन्ना, चंद्रशेखर, कुंबळे, अश्विन अशी पुढे सरकते. म्हणजे ती कसोटी क्रिकेटच्या नोंदवहीपासून सुरू होते. भारताचा पहिला कसोटी सामना 1932 सालचा. त्याच्या आधी एक पिढीभर डावखुऱ्या फिरकीने युरोपीय आणि पारशी फलंदाजांना जेरीस आणणारे बाळू पालवणकर या चर्चेत क्वचितच येतात.

बाळूंचे घराणे मूळचे कोकणातील पालवणचे, चर्मकार समाजातले. वडील पुण्यात लष्करी नोकरीत. बाळूंचा क्रिकेटशी पहिला संबंध आला तो चाकर म्हणून. पुण्यात आधी पारश्यांच्या आणि मग युरोपीयांच्या क्लबात खेळपट्टी झाडणे, लाटणे, जाळी लावणे ही कामे त्यांनी महिना तीन-चार रुपयांवर केली. साहेबांना सरावासाठी गोलंदाजी करता करता ते घडले. सरावात साहेबांनी फलंदाजी करायची आणि नोकराने चेंडू टाकायचा, ही रीतच होती. त्यामुळे बाळूंच्या हाती चेंडू तासन् तास राहिला, बॅट मात्र क्वचितच आली. पुढे पुण्याच्या हिंदू संघाला युरोपीयांना हरवायचे होते. बाळू संघात हवे होते, पण पंक्तीत नको होते. मैदानात त्यांनी हाताळलेला चेंडू इतर खेळाडू निर्वेधपणे झेलत. चहाच्या वेळी त्यांना चहा मात्र बाहेर, मातीच्या भांड्यात दिला जाई, आणि जेवणाचे पान वेगळे मांडले जाई.

पुढे ते मुंबईस आले आणि हिंदू जिमखान्याकडून खेळू लागले. 1906 साली हिंदूंनी युरोपीयांवर जो गाजलेला विजय मिळवला त्यात बाळू आणि त्यांचे बंधू शिवराम यांचा वाटा मोठा होता. 1911 मध्ये पतियाळाच्या महाराजांच्या नेतृत्वाखाली भारतीय संघ इंग्लंडला गेला. संघ बहुतेक सामने हरला. बाळूंनी मात्र दौऱ्यात शंभराहून अधिक बळी घेतले. प्रथम श्रेणीच्या 33 सामन्यांत 179 बळी, सरासरी 15.21, ही त्यांची कारकिर्दीची नोंद. ते ऐन भरात असताना भारतापुढे कसोटी सामना नव्हता, हा काळाचा दोष म्हणता येईल. दुसरी अडचण मात्र माणसांनी निर्माण केली होती. वर्षानुवर्षे संघाचा आधारस्तंभ असूनही बाळूंना हिंदू संघाचे कर्णधारपद कधीच मिळाले नाही.

क्वार्टरबॅकच्या जागेचे आणि कर्णधारपदाचे साम्य इथे दिसते. हाताचे कौशल्य मान्य करण्यात जातिव्यवस्थेला फारशी अडचण नव्हती. हातांकडून काम करून घेण्याची तिला पिढ्यान्‌पिढ्यांची सवय होती. अडचण होती ती आज्ञा ऐकण्याची. ब्राह्मण खेळाडूला ‘तू तिकडे उभा राहा’ असे चर्मकार खेळाडूने सांगावे, हे पचत नव्हते.

1920 साली हा प्रश्न उघडपणे पुढे आला. चौरंगी सामन्यांसाठी कर्णधार नेमलेले पै आजारी पडले, आणि त्यांच्या जागी अनुभवाने ज्येष्ठ अशा विठ्ठल पालवणकरांना डावलून दि. ब. देवधरांची निवड झाली. बाळूंना तर संघातूनच वगळले होते. शिवराम आणि विठ्ठल यांनी माघार घेतली. देवधरांच्या खेळाचे मोठेपण इतिहासाला ठाऊक आहे. वाद त्यांच्या योग्यतेचा नव्हता, निवडीच्या निकषाचा होता. लोकमताचा रेटा असा की अंतिम सामन्यासाठी भाऊ परतले, बाळूंना उपकर्णधार करण्यात आले, आणि पै काही काळ मैदानाबाहेर गेले तेव्हा संघाची सूत्रे बाळूंच्या हाती आली. एका थोर गोलंदाजाचे सारे नेतृत्व एवढेच. 1923 मध्ये विठ्ठल कर्णधार झाले आणि संघ जिंकला. विठ्ठलांनी 1948 साली ‘माझे क्रीडा-जीवन’ हे आत्मचरित्र लिहिले. मराठी आत्मचरित्राच्या अभ्यासात त्याची दखल किती घेतली जाते, हे आपण शिक्षकांनी स्वतःला विचारावे.

बंद दार केवळ जातीचे नव्हते. नागपूरचे कर्नल सी. के. नायडू सुस्थित घराण्यातले. 1926 साली इंग्लंडच्या पाहुण्या संघाविरुद्ध 153 धावा फटकावणारे. तरीही 1932 च्या इंग्लंड दौऱ्यासाठी कर्णधार होते पोरबंदरचे महाराज आणि उपकर्णधार लिंबडीचे राजपुत्र. महाराजांनी शहाणपणाने बाजूला होणे पसंत केले, राजपुत्र जायबंदी झाले, म्हणून नायडू भारताचे पहिले कसोटी कर्णधार ठरले. फरक एवढाच की नायडूंपुढचे दार योगायोगाने का होईना उघडले आणि त्यांचे नाव नोंदवहीत पहिले लागले.

बाळूंच्या विस्मरणाला आणखी एक कारण आहे, आणि आपल्या चंद्रपूर-गडचिरोलीकडील वाचकाला ते अधिक भिडावे. बाळू राजकारणात आले ते गांधीजींच्या बाजूने. स्वतंत्र मतदारसंघांना त्यांचा विरोध होता. 1932 च्या पुणे करारावर त्यांचीही सही आहे. 1937 च्या निवडणुकीत काँग्रेसने त्यांना मुंबईत थेट डॉ. बाबासाहेब आंबेडकरांविरुद्ध उभे केले आणि ते सुमारे दोन हजार मतांनी पडले. 4 जुलै 1955 रोजी बाळूंचे निधन झाले. पुढच्याच वर्षी, 16 ऑक्टोबर 1956 रोजी, बाबासाहेबांनी चंद्रपुरात धम्मदीक्षा दिली. आजही दर ऑक्टोबरात इथली दीक्षाभूमी माणसांनी फुलून जाते. या प्रदेशाच्या स्मृतीत बाळूंना सहजी जागा मिळणार नाही, आणि त्यामागचा राजकीय विवेक समजून घेण्याजोगा आहे. पण परिणाम असा झाला की क्रिकेटच्या सवर्ण स्मृतीने त्यांना जात म्हणून मागे ठेवले, आणि मुक्तीच्या स्मृतीने राजकीय प्रतिस्पर्धी म्हणून. अलीकडच्या काळात रामचंद्र गुहा यांच्यासारख्या इतिहासकाराने त्यांना पुन्हा वाचकांपुढे आणले. त्यांचे राजकारण चुकले असे मानूनही त्यांच्या गोलंदाजीचा आणि त्यांनी सोसलेल्या अपमानाचा इतिहास नाकारता येत नाही.

मग सर्वश्रेष्ठ कोण? बाळू मंकडांपेक्षा श्रेष्ठ होते असा दावा येथे करायचा नाही. तसा दावा सिद्ध करता येणार नाही, आणि तो केला तर आपणही त्याच जुन्या गृहीतकावर उभे राहू. एवढेच म्हणता येते की यादी करण्याआधी यादीचे दार कोणाच्या हाती होते हे पाहावे.

वाङ्मयाच्या विद्यार्थ्याला हे परके वाटू नये. श्रेष्ठ मराठी नटांची चर्चा आपण पुण्या-मुंबईच्या नाट्यगृहांतून करतो. दिवाळीनंतर चंद्रपूर, गडचिरोली, भंडारा, गोंदिया या पट्ट्यात वडसा-देसाईगंजच्या मंडळ्या गावोगाव मंडप ठोकतात. शंकरपटाच्या दिवशी हजारो प्रेक्षक रात्रभर झाडीपट्टीची नाटके पाहतात. त्या रंगभूमीवरील परशुराम खुणे यांना 2023 साली पद्मश्री मिळाली. मराठी रंगभूमीच्या आपल्या पाठ्यपुस्तकी इतिहासात मात्र ही रंगभूमी बहुधा तळटीपेत असते. तिथला एखादा नट श्रेष्ठ होता की नव्हता हा प्रश्न पुढचा. त्याचा प्रयोग पाहायला परीक्षक कधी गेलेच नाहीत, ही वस्तुस्थिती आधीची.

म्हणून पुढच्या वेळी वर्गात हा वाद रंगला तर तो थांबवू नये. फक्त फळ्यावर नावे लिहून झाली की थोडी जागा कोरी ठेवावी, आणि ती कोरी का राहिली हे विद्यार्थ्यांना शोधायला सांगावे.