कुंपणाबाहेर गेलेले फूल

गणपती विसर्जन झाले, पाऊस ओसरू लागला, की वडाळ्याच्या गृहसंस्थांच्या आवारांत आणि खिडक्यांतल्या कुंड्यांत एक फूल डोलताना दिसते. कमरेइतके उंच, सडपातळ झाड, बारीक कातरलेली पाने, लांब देठ आणि टोकाला आठ पाकळ्यांचे फूल. रंग कधी हळदीसारखा पिवळा, कधी पिकल्या संत्र्यासारखा. नाव कॉसमॉस. मराठी नाव त्याला कुणी दिलेच नाही म्हणाना. खत मागत नाही, निगा मागत नाही. पूर्वी डालड्याच्या फुटक्या डब्यात माती भरून लोक ते लावीत, आणि तेवढ्यावरही ते फुले.

आज या फुलाची थोडी कुळकथा सांगायची आहे. फुलाला कसला आलाय इतिहास, असे कुणी म्हणेल. पण वडाळ्याच्या बागांनाच मुळी इतिहास आहे. हा भाग एके काळी मिठागरांचा, दलदलीचा आणि भातखाचरांचा. १८९६ साली मुंबईत प्लेग आला. दाट, कोंदट वस्तीत माणसे पटापट मेली. तेव्हा सरकारला जाग आली आणि १८९८ साली इम्प्रूव्हमेंट ट्रस्ट स्थापन झाला. दादर, माटुंगा, वडाळा, शीव या पट्ट्यात भर घालून, रुंद रस्ते आखून नवी वस्ती वसवायची असे ठरले. घराला हवा हवी, उजेड हवा आणि जवळ बाग हवी, हा विचार त्यात होता. मंचेरजी जोशी या अभियंत्याच्या खटपटीने १९२०च्या दशकात पारशी कॉलनी आकाराला आली. तिच्या कुशीतले फाइव्ह गार्डन्स आजही आहे. म्हणजे या भागातली बाग ही नुसती हौस नव्हे. प्लेगच्या धसक्यातून ती जन्मली.

वडाळ्याला लागूनच शिवडी. तिथे याच्याही आधी, एकोणिसाव्या शतकात, पश्चिम हिंदुस्थानच्या कृषी व उद्यान संस्थेची बाग होती. पुढे आर्थर क्रॉफर्ड या म्युनिसिपल कमिशनरच्या काळात ती जागा दफनभूमीसाठी गेली, आणि भायखळ्याला राणीची बाग १८६२ साली उघडली. याच संस्थेशी जॉन ग्रॅहम नावाचा टपालखात्यातला एक अधिकारी जोडलेला होता. मुंबई व आसपासच्या वनस्पतींची त्याने केलेली सूची १८३९ साली छापली गेली. त्याच वर्षी तो खंडाळ्याला वारला. पुस्तकाचे उरलेले काम इतरांनी पुरे केले. त्या सूचीत रानातल्या झाडांबरोबर बागेतली परदेशी झाडेही आहेत. परदेशी रोपाचे मुंबईला तेव्हासुद्धा नवल नव्हते.

आता कॉसमॉसचे माहेर. ते आहे समुद्रापलीकडे, मेक्सिकोत. तिथले बी स्पेनमध्ये माद्रिदच्या राजेशाही बागेत पोचले, रुजले, फुलले. कावानियेस नावाचे एक धर्मगुरू तिथे वनस्पतींचा अभ्यास करीत. त्यांनी १७९१ साली या फुलाचे शास्त्रीय वर्णन छापले. कॉसमॉस हा ग्रीक शब्द. त्याचा अर्थ सुव्यवस्था आणि साजशृंगारही. आपल्या पिवळ्या-नारिंगी जातीला त्यांनी ‘सल्फ्युरियस’, म्हणजे गंधकाच्या रंगाचे, असे नाव जोडले. डेलियाचेही बारसे त्यांनी त्याच वर्षी केले. पुढे अमेरिकेतल्या बियाणेवाल्यांनी कॉसमॉसवर मेहनत घेतली. ‘ऑरेंज फ्लेअर’ या नारिंगी वाणाला १९३५ साली तिथे मोठे बक्षीस मिळाले. बियांच्या रंगीत पाकिटांतून हे फूल जगभर गेले.

पण मेक्सिकोचे फूल आपल्या दारात त्याच्या कितीतरी आधी आले होते. तो आपला झेंडू! होय, दसऱ्याचा झेंडू. पोर्तुगिजांच्या काळात तो इकडे आला असे मानतात. मेक्सिकोत आजही नोव्हेंबरच्या आरंभी पितरांच्या सणाला लोक झेंडूच्या राशी घालतात, आणि इथे त्याच सुमाराला आपण दाराला तोरणे बांधतो. वडाळ्याच्या विठ्ठलमंदिरापाशी आषाढीला तुळशीच्या माळा विकायला येतात. दसऱ्याला दादरच्या फुलबाजारात झेंडूचे ढीग पडतात. तुळस इथली, झेंडू परका, असा भेद कुणी करीत नाही. आणि करूही नये.

मग कॉसमॉसचे तेवढे काय वाकडे आहे? वाकडे एवढेच, की त्याला कुणी तोडत नाही. झेंडू शेतकरी लावतो, फूल भरले की तोडतो, बाजारात नेतो. कॉसमॉस तोडले की लवकर मान टाकते. तोरणात, हारात टिकत नाही. त्यामुळे ते झाडावरच राहते, सुकते, आणि एकेका फुलातून काळपट, सुईसारख्या बियांचा झुपका तयार होतो. बीच्या टोकाला उलट्या काट्यांची कुसळे असतात. ती कपड्याला चिकटतात, जनावराच्या केसांना चिकटतात. वाऱ्या-पाण्याबरोबर बी जाते ते निराळेच. मुंबईच्या फरसबंदीवर त्याला जागा नाही. पण पुण्याकडचे रस्ते, घाटांच्या कडा, टेकड्यांचे उतार इथे त्याला रान मोकळे. गेल्या दहा-पंधरा वर्षांत आश्विनात या रस्त्यांच्या कडा नारिंगी होऊ लागल्या आहेत. लोक गाडी थांबवून छायाचित्रे काढतात. काही हौशी मंडळी तर ‘टेकडी सजवू’ म्हणून बी मुद्दाम फेकतात!

आपले हात यापूर्वी पोळलेले आहेत हो. घाणेरी कलकत्त्याच्या बागेत शोभेसाठी आणलेली. आज ती रानेच्या राने गिळून बसली आहे. गाजरगवत पुण्यात १९५०च्या दशकात प्रथम ध्यानात आले. तेही अमेरिकेचे, आणि झेंडू-कॉसमॉसच्याच कुळातले. शेवटी ते खाणारा भुंगेरा १९८४ साली मेक्सिकोहून आणावा लागला. कॉसमॉस अजून त्या थराला गेलेले नाही. म्हणूनच आज बोलायचे. वनस्पतींचे जाणकार सांगतात, की जिथे ते दाट माजते तिथे पावसाळी गवते आणि बारकी रानफुले यांना ऊन मिळत नाही. साताऱ्याचे कास पठार २०१२ साली जागतिक वारशाच्या यादीत गेले ते अशाच बारक्या फुलांच्या जिवावर.

बागेतले कॉसमॉस उपटून टाका असे मी म्हणत नाही. फुलपाखरे आणि मधमाश्या त्याच्यावर तुटून पडतात, मुलांना ते आवडते. कुंडीत जरूर लावा. मात्र पाकळ्या गळल्या, की बी काळे पडायच्या आत बोंडे खुडून घ्या. हवे तेवढे बी पुडीत ठेवा, उरलेले जाळा. ओढ्याकाठी किंवा बांधावर कचरा म्हणून लोटू नका.

शिक्षकबंधुभगिनींनी शाळेच्या बागेत एक करून पाहावे. मुलांना एका फुलातल्या बिया मोजायला लावाव्यात, मग एका झाडावरची फुले, मग गुणाकार. आकडा मुलेच सांगतील. घाटाजवळच्या शाळांनी सोनकीही ओळखायला शिकवावी. ती आपल्या डोंगरांची. तिच्या शास्त्रीय नावातच ‘बॉम्बेएन्सिस’ म्हणजे मुंबईची असा शब्द आहे. लांबून दोन्ही पिवळी दिसतात. जवळ गेले की सोनकी बुटकी, पान रुंद आणि कडेला दाते. कॉसमॉस उंच आणि पान कातरलेले. भाद्रपद-आश्विनात शाळेच्या वाटेवर कोणते किती दिसले ते मुलांनी दरसाल एका वहीत लिहून ठेवावे, आणि पुढच्या इयत्तेकडे ती वही सोपवावी.