भरतीची गाणी, विरहाची गाणी : पहिल्या महायुद्धातील हरियाणा

फरीदाबाद : आजच्या फरीदाबाद जिल्ह्याचा मोठा भाग पहिल्या महायुद्धाच्या अखेरीस पंजाब प्रांताच्या गुडगाव जिल्ह्यात होता. ब्रिटिश भारतीय सैन्याला सर्वाधिक जवान याच प्रांताने पुरविले. १९१७ नंतर मनुष्यबळाची निकड वाढली, तेव्हा सरकारने लोकगीतांचाही आधार घेतला.

त्या काळी हरियाणवी खेड्यांत ‘सांग’ हा गायन, नृत्य व संवादांचा लोकनाट्यप्रकार लोकप्रिय होता. महाराष्ट्रातील तमाशाशी त्याचे नाते सांगता येईल. निरक्षर शेतकऱ्यांपर्यंत छापील पत्रके पोहोचत नसत, सांगाचे फड मात्र पोहोचत. सोनीपत भागातील नामवंत सांगी पंडित दीपचंद यांनी तरुणांना पलटणीत येण्याचे आवाहन करणारी गीते गायली. त्याबद्दल सरकारने त्यांना ‘रायसाहेब’ किताब दिल्याचे सांगाच्या इतिहासात नमूद आहे. या गीतांत साम्राज्यनिष्ठेपेक्षा पगार, गणवेश आणि पोटभर अन्न यांवर भर असे. कोरडवाहू शेती व कर्ज यांनी गांजलेल्या घरांना ती भाषा चटकन उमगे.

तथापि केवळ गाण्यांनी पलटणी भरल्या नाहीत. गावोगावी भरतीचे उद्दिष्ट ठरविले जाई, जमिनी व किताबांचे आमिष दाखविले जाई. नायब राज्यपाल मायकेल ओडवायर यांच्या कारकिर्दीत भरतीसाठी झालेल्या सक्तीची नोंद काँग्रेसच्या पंजाब चौकशी समितीने १९२० च्या अहवालात केली. महात्मा गांधींसमवेत या समितीत मुंबईचे बॅरिस्टर मुकुंदराव जयकर हेही होते.

भरतीच्या गीतांना घराघरांतून उत्तरही मिळत होते. पती, पुत्र व भाऊ यांना दूरदेशी नेणाऱ्या युद्धाला दूषणे देणारी स्त्रियांची गीते पंजाबच्या लोकपरंपरेत आजही आढळतात. या युद्धात ७४ हजारांहून अधिक भारतीय सैनिक मृत्युमुखी पडले. दिल्लीच्या इंडिया गेटवर कोरलेल्या नावांत त्यांच्यापैकी अनेकांची नावे आहेत.

स्वातंत्र्यानंतर युद्धगीतांचा सूर पालटला. चीन युद्धानंतर, २७ जानेवारी १९६३ रोजी, कवी प्रदीप यांचे ‘ऐ मेरे वतन के लोगो’ हे गीत लता मंगेशकर यांनी दिल्लीत गायिले. संगीत मराठी संगीतकार सी. रामचंद्र यांचे होते. ते सैन्यात येण्याचे आवाहन करीत नाही, तर हुतात्म्यांचे स्मरण ठेवण्यास सांगते. १९१८ च्या गीतांनी सैनिक मागितले. त्यांच्या मृत्यूचा शोक मात्र घरातील स्त्रियांवर सोपविला होता.