टाकीतलं पाणी : दोन वॉरिंग्टन आणि अमोनिया

आजचा विषय घरातल्या माशांच्या टाकीचा, पण इतिहासाच्या अंगानं. ज्यांच्या घरी टाकी आहे त्यांना हा अनुभव ओळखीचा असेल. टाकी नवी, पाणी काचेसारखं नितळ, आणि आठ-दहा दिवसांत एकेक मासा दगावायला लागतो. मग आपण सगळं पाणी ओततो, खडी घासतो, फिल्टरचा स्पंज नळाखाली धुतो. आणि पुढच्या आठवड्यात उरलेले मासेही जातात. असं का होतं, याचं उत्तर मिळायला साधारण चाळीस वर्षं लागली. त्यातली दोन माणसं एकाच घरातली, नावही एकच: रॉबर्ट वॉरिंग्टन. वडील आणि मुलगा.

वडील लंडनच्या औषध बनवणाऱ्यांच्या संस्थेत रसायनतज्ज्ञ होते. त्यांनी काचेच्या एका मोठ्या भांड्यात वाळू, चिखल, दोन गोल्डफिश आणि व्हॅलिस्नेरिया नावाची लांब पानांची पाणवनस्पती ठेवली. कल्पना अशी, की माशांचा कार्बन डायऑक्साइड वनस्पती घेईल आणि त्यांना प्राणवायू देईल. काही दिवस जमलं. मग जुनी पानं कुजली, पाणी गढूळलं. तेव्हा त्यांनी तळ्यातल्या गोगलगायी सोडल्या. त्यांनी कुजकी पानं फस्त केली, पाणी निवळलं. १८५० साली हे सगळं त्यांनी केमिकल सोसायटीपुढे मांडलं. तीनच वर्षांनी लंडनच्या प्राणिसंग्रहालयात माशांचं घर उघडलं आणि घरोघरी टाक्यांचं वेड पसरलं.

कल्पना देखणी होती, यात शंका नाही. पण हिशोब वायूंचाच होता. मासा कल्ल्यांतून अमोनिया सोडतो, उरलेलं खाद्य कुजूनही अमोनियाच होतो. तो या जमाखर्चात नव्हताच. आणि हा अमोनिया डोळ्यांना दिसत नाही. माशाला मारण्याइतका झाला तरी आपल्या नाकाला त्याचा पत्ता लागत नाही. नितळ पाणी आणि निरोगी पाणी यांत गल्लत होते ती इथंच.

आता टाकी बाजूला ठेवून शेतात जाऊ. शेणखतातल्या अमोनियाचं जमिनीत नायट्रेट होतं, हे माहीत होतं. पण ते करतं कोण? १८७७ साली फ्रान्समध्ये श्लोझिंग आणि म्युंट्झ यांनी एका काचेच्या नळीत वाळू आणि चुनखडी भरली आणि वरून गटाराचं पाणी हळूहळू सोडलं. पहिले वीसेक दिवस काहीच नाही. जसा अमोनिया आत, तसाच बाहेर. मग हळूहळू नायट्रेट यायला लागलं, आणि शेवटी अमोनिया गायबच. नळीत क्लोरोफॉर्मची वाफ सोडली की काम बंद! म्हणजे हे काम कोणीतरी जिवंत करत होतं. आणि बघा, ही नळी म्हणजे तुमच्या घरचा फिल्टरच की! ते रिकामे वीस दिवस म्हणजे नव्या टाकीचे पहिले तीन आठवडे.

इथं मुलगा येतो. धाकटे वॉरिंग्टन इंग्लंडच्या रॉथमस्टेड शेती संशोधन केंद्रात याच प्रश्नावर काम करत होते. त्यांनी दाखवलं, की हे काम दोन टप्प्यांत होतं आणि दोन वेगळे जीव ते करतात. एक अमोनियाचं नायट्राइट करतो, दुसरा नायट्राइटचं नायट्रेट. ते जिवाणू वेगळे काढणं मात्र त्यांना साधलं नाही. ते १८९० च्या सुमारास विनोग्राडस्कींनी केलं. वडिलांच्या भांड्यातल्या वाळूवरही हेच जिवाणू वाढत असणार, पण श्रेय मिळालं गोगलगायींना!

आणि मोजायचं कसं? टेस्ट किटमध्ये नायट्राइट असलं की पाणी गुलाबी होतं ना, ती युक्ती १८७९ ची, पीटर ग्रीस यांची. हे गृहस्थ इंग्लंडमधल्या बिअरच्या कारखान्यात नोकरीला. पीएचचं मापही १९०९ साली कोपनहेगनच्या कार्ल्सबर्ग प्रयोगशाळेत सोरेनसेन यांनी आणलं. तीही बिअरवाल्यांचीच! टाकीवाल्यांना पीएच लागतो, कारण तो चढला की तोच अमोनिया जास्त विषारी होतो.

म्हणून किटवर अमोनिया आणि नायट्राइट दोन्ही शून्य येईपर्यंत नव्या टाकीत मासे सोडू नका. थेंबभर अमोनिया किंवा चिमूटभर खाद्य घालून आधी जिवाणूंना पोसा. जुन्या टाकीतला मळका स्पंज कोणी दिला तर आनंदानं घ्या. पाणी बदलायचं ते थोडं थोडं, आणि नळाच्या पाण्यातलं क्लोरीन आधी घालवून, कारण क्लोरीन माशांना बाधतं आणि जिवाणूंनाही मारतं. स्पंज धुवायचा तर टाकीतून काढलेल्या पाण्यातच पिळा.

एक शेवटची गोष्ट. नायट्राइटचं काम नायट्रोबॅक्टर करतो, असं शंभरेक वर्षं पुस्तकांत छापलं जात होतं. १९९८ साली होव्हानेक आणि सहकाऱ्यांनी गोड्या पाण्याच्या टाक्या तपासल्या, तर तिथं ते काम नायट्रोस्पायरा करत होता. चला, आता तुमचे प्रश्न घेऊ.