शंकर आबाजी भिसे यांची रेखाचित्रे व कागदपत्रे

शंकर आबाजी भिसे (जन्म : २९ एप्रिल १८६७, मुंबई, मृत्यू : ७ एप्रिल १९३५, न्यू यॉर्क) हे मराठी यंत्रसंशोधक होते. त्यांच्या शोधांविषयीची उपलब्ध सामग्री मुख्यतः दोन प्रकारची आहे : पेटंट कार्यालयांत दाखल झालेली तपशीलपत्रे व रेखाचित्रे, आणि त्यांच्या आश्रयदात्यांनी जपून ठेवलेली पत्रे. ही सामग्री भारत, ब्रिटन व अमेरिका या तीन देशांत विखुरलेली आहे.

पार्श्वभूमी

भिसे यांनी तरुणपणी मुंबईत 'विविध कलाप्रकाश' हे शास्त्रविषयक मराठी मासिक चालविले. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस ते लंडनला गेले. तेथे दादाभाई नौरोजी यांनी त्यांना आर्थिक साहाय्य केले. छापखान्याचे खिळे ओतणारे 'भिसोटाईप' हे यंत्र त्यांचा सर्वांत महत्त्वाचा शोध होय. मिनिटाला १,२०० खिळे ओतण्याची त्याची क्षमता असल्याचे सांगितले जाते. पुढे गोपाळ कृष्ण गोखले यांच्या परिचयातून सर रतन टाटा यांचे भांडवल मिळाले व 'टाटा-भिसे इन्व्हेन्शन सिंडिकेट' स्थापन झाले. ते फार काळ टिकले नाही. त्यानंतर भिसे अमेरिकेत स्थायिक झाले.

पेटंटांतील रेखाचित्रे

पेटंट मिळविण्यासाठी संशोधकाला आपल्या यंत्राचे संपूर्ण वर्णन द्यावे लागते. त्या विषयातील जाणकाराला केवळ वर्णनावरून यंत्र उभारता आले पाहिजे, अशी त्यामागील अपेक्षा असते. रेखाचित्रातील प्रत्येक भागाला अंक किंवा अक्षर दिलेले असते आणि मजकुरात त्याच खुणेने त्या भागाचे कार्य सांगितलेले असते. त्या काळी अमेरिकेत ही चित्रे १० × १५ इंचांच्या जाड पांढऱ्या कागदावर काळ्या शाईने काढावी लागत व त्यांच्या छापील प्रती प्रसिद्ध होत. या सक्तीमुळेच खिळे ओतण्याच्या यंत्राविषयीचे भिसे यांचे विचार आज साचा, पंप व तरफांसह अभ्यासता येतात. ब्रिटन व अमेरिकेतील जुनी पेटंटे आता आंतरजालावर विनामूल्य पाहता येतात. मात्र शोध घेताना आडनावाची रोमन लिपीतील निरनिराळी रूपे तपासावी लागतात. ज्या कल्पनेसाठी पेटंट घेतले गेले नाही, तिला हे संरक्षण लाभत नाही.

पत्रव्यवहार

यंत्र कसे चालावे हे पेटंट सांगते. ते बाजारात का चालले नाही, हे त्यात नसते. भांडवलाची ओढाताण, भागीदारांशी झालेले मतभेद, चाचण्यांतील अपयश यांचा मागोवा पत्रांतूनच लागतो. नौरोजी यांना आलेले कागद फेकून देण्याची सवय नव्हती. त्यांचा संग्रह नवी दिल्लीच्या राष्ट्रीय अभिलेखागारात असून त्यात भिसे यांचा पत्रव्यवहार आहे. इतिहासकार दिन्यार पटेल यांनी या संग्रहाच्या आधारे भिसे यांच्या कारकिर्दीवर लेखन केले आहे. गोखले यांची कागदपत्रेही याच अभिलेखागारात आहेत. टाटा समूहाची जुनी कागदपत्रे पुण्यातील टाटा सेंट्रल अर्काइव्ह्जमध्ये जतन केली जातात. यांपैकी कोणताही संग्रह भिसे यांच्या नावाचा नाही, ही गोष्ट खेदजनक असली तरी वस्तुस्थिती आहे. अभ्यासकाला त्यांचा शोध इतरांच्या दप्तरांत घ्यावा लागतो.

जतनाचे प्रश्न

यंत्ररेखाचित्रांचे जतन सामान्य कागदपत्रांपेक्षा अवघड असते. मोठे तक्ते घडी घातल्यास घडीवरच फाटतात, म्हणून ते सपाट ठेवावे लागतात. काजळीची काळी शाई शतकभर फिकी पडत नाही. निळ्या छायाप्रती मात्र उजेडाने पुसट होतात. कागदातील आम्ल शोषण्यासाठी अभिलेखागारांत अल्कधर्मी वेष्टने सर्रास वापरली जातात, परंतु निळ्या प्रतींचा रंग अल्काने उडतो; त्यांना उदासीन कागदाची वेष्टने लागतात. चिकटपट्टी लावून केलेली घरगुती दुरुस्ती तर सर्वांत हानिकारक, कारण कालांतराने तिचा डिंक कागदात मुरतो व तेथे तपकिरी डाग पडतो.

जुन्या मराठी नियतकालिकांचा प्रश्न वेगळा आहे. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धातील लाकडाच्या लगद्यापासून केलेला कागद ठिसूळ होतो व पान उलटतानाच तुटतो. 'विविध कलाप्रकाश'सारख्या मासिकांचे जे अंक ग्रंथालयांत वा घरोघरी उरले असतील, त्यांची पुन्हा बांधणी करण्याआधी छायाचित्रे घेणे इष्ट ठरते; बांधणीत समासालगतचा मजकूर व आकृत्यांच्या कडा कापल्या जातात.