सावधान, आत रूट आहे!

जालना जिल्ह्यातलं जांब समर्थ. १६०८ साली इथे ठोसरांच्या घरी नारायण जन्मला, तोच पुढे समर्थ रामदास झाला. गोष्ट तुम्हाला माहीत आहेच: बोहल्यावर भटजींनी 'सावधान' म्हटलं आणि नवरदेव पळाला. मला मात्र बाकीच्या वऱ्हाडाची गंमत वाटते. शब्द तर सगळ्यांनीच ऐकला होता की!

कंटेनरचा इतिहास वाचताना मला हे वऱ्हाड सारखं आठवतं. इशारे लिहिलेले होते हो, अगदी मॅन पेजमध्ये.

१९७९ साली युनिक्सच्या सातव्या आवृत्तीत सीएचरूट आलं (चिरूट नव्हे!). प्रोसेसला सांगायचं, ही डिरेक्टरी म्हणजेच तुझं सगळं जग. लोकांना वाटलं, झाला तुरुंग. पण आतला प्रोसेस रूट असेल तर तो एमकेनॉडने डिस्कची डिव्हाइस फाइल स्वतःच बनवतो आणि अख्खी डिस्क वाचतो. हे सुरक्षेसाठी नाही, असं लिनक्सचं मॅन पेज स्पष्ट सांगतं. वर बाहेर कसं निसटायचं तेही देतं! आतल्या रूटचे हात खरे बांधले ते २००० साली, फ्रीबीएसडी ४.० मधल्या जेलने.

लिनक्सने वेगळी वाट धरली. १९९९ च्या २.२ कर्नेलमध्ये रूटच्या अधिकारांचे तुकडे पाडले, त्यांना कॅपेबिलिटी म्हणतात. कल्पना झकास. पण कुठे टाकायचं कळेना ते सगळं कॅप-सिस-ॲडमिन या एकाच तुकड्यात पडत गेलं. मॅन पेजेसचे कर्तेधर्ते मायकेल केरिस्क यांनी २०१२ साली त्याला 'नवा रूट' म्हटलं, ते उगीच नाही.

आता खरी मजा. डॉकर कंटेनरला मुळात ज्या चौदा कॅपेबिलिटी देतं, त्यांत एमकेनॉड आहे! पहिल्यांदा ती यादी वाचली तेव्हा माझी झोप उडाली होती. म्हणजे १९७९ चं भोक तसंच? तर नाही. आत बसून मेजर ८, मायनर ० असा नंबर देऊन डिस्कची फाइल बनवता येते, पण उघडायला गेलात की परवानगी नाही. दारावर पाटी लावली, म्हणून घर आपलं होत नाही. हा पहारा डिव्हाइस सीग्रुपचा. सर्ज हॅलिन यांचं हे काम २००८ साली २.६.२६ कर्नेलमध्ये आलं. नल, झीरो, रँडम अशी निरुपद्रवी डिव्हाइसं तेवढी मोकळी. म्हणजे नुसती कॅपेबिलिटींची यादी वाचून मर्यादा कळतच नाही, दोन्ही कागद शेजारी ठेवावे लागतात.

आणि प्रिव्हिलेज्ड फ्लॅग? तो हे दोन्ही कागद एकदम फाडतो. सगळ्या कॅपेबिलिटी, सगळी डिव्हाइसं. पोरं यूएसबी चालत नाही म्हणून तो सर्रास लावतात. एकच डिव्हाइस हवं तर त्याच्यासाठी वेगळा पर्याय आहे, पण तो टाइप कोण करणार... असो.

एलएक्ससीवाले सरळ लिहून मोकळे झालेत: प्रिव्हिलेज्ड कंटेनरमधला रूट आम्ही सुरक्षित मानत नाही. फेब्रुवारी २०१९ मध्ये रनसीतलं भोक उघड झालं. आतल्या रूटला बाहेरची रनसी फाइलच बदलता येत होती. ज्यांनी युजर नेमस्पेस नीट लावून आतला रूट बाहेर साधा युजर केला होता, ते वाचले. ही सोय पूर्ण झाली २०१३ साली, ३.८ कर्नेलमध्ये. डॉकरमध्ये मात्र ते रीमॅपिंग आजही आपणहून चालू करावं लागतं.