खोटे ऑनलाइन अभिप्राय हटविण्याचे कायदेशीर मार्ग : ओमानमधील मराठी व्यावसायिकांसाठी

मस्कतच्या बौशर विलायतेतील गाला हा परिसर वाहनदुरुस्तीची गॅरेजे, सुट्या भागांची दुकाने, वर्कशॉप, गोदामे आणि लहानमोठ्या कंपन्यांची कार्यालये यांनी गजबजलेला आहे. येथे नवा ग्राहक दुकानाच्या पाटीपेक्षा मोबाइलवरील नकाशा आधी पाहतो. नावाखाली किती तारे आहेत, यावरून गाडी कोणत्या गल्लीत वळवायची हे ठरते.

समजा, एखाद्या गॅरेजला ४० ग्राहकांनी दिलेल्या ताऱ्यांची सरासरी ४.६ आहे. एका रात्रीत दहा अनोळखी खात्यांवरून प्रत्येकी एक तारा पडला, तर ही सरासरी ३.९ वर येते. कामाचा दर्जा तोच असतो, कारागीरही तेच असतात. फोन मात्र वाजेनासा होतो. ज्याचा व्हिसा, कर्मचाऱ्यांचे पगार आणि मुलांची शाळा याच व्यवसायावर अवलंबून आहे, त्याच्यासाठी हा केवळ प्रतिष्ठेचा प्रश्न राहत नाही. अशा वेळी कायद्याने काय करता येते, कोणत्या क्रमाने करावे आणि काय मुळीच करू नये, याची ही मांडणी आहे.

खोटा अभिप्राय आणि वाईट अभिप्राय

सर्वप्रथम भेद करावा लागतो तो मत आणि वस्तुस्थिती यांमध्ये. ‘येथील सेवा मला आवडली नाही, दर जास्त वाटले’ हे मत आहे. ते कटू असले तरी बहुतेक देशांत हटविले जात नाही. ‘यांनी माझ्या गाडीतील नवा भाग काढून जुना बसविला’ हे वस्तुस्थितीविषयीचे विधान आहे. ते खोटे असेल तर त्यावर कारवाई होऊ शकते. तिसरा प्रकार पूर्णतः बनावट अभिप्रायाचा. लिहिणारा कधी ग्राहक नव्हताच. तो प्रतिस्पर्धी, नोकरीवरून काढलेला कर्मचारी किंवा पैसे घेऊन लिहिणारा असतो. कायद्याच्या दृष्टीने सर्वांत भक्कम बाजू याच प्रकारात असते.

मत आणि वस्तुस्थिती यांतील सीमारेषा किती बारीक आहे, हे मुंबई उच्च न्यायालयातील मॅरिको कंपनीच्या दाव्यातून दिसून आले. ‘पॅराशूट’ खोबरेल तेलाच्या शुद्धतेवर शंका घेणारी चित्रफीत एका यूट्यूबरने सप्टेंबर २०१८ मध्ये प्रसिद्ध केली होती. जानेवारी २०२० मध्ये एकल न्यायमूर्तींनी ती हटविण्याचा अंतरिम आदेश दिला. मोठा श्रोतृवर्ग असणाऱ्याने वस्तुस्थिती म्हणून विधाने करताना आधी खातरजमा केली पाहिजे, हे त्यामागचे सूत्र होते. पुढच्याच महिन्यात अपिलात खंडपीठाने या आदेशाला स्थगिती दिली आणि काही बदलांसह चित्रफीत ठेवण्याची मुभा मिळाली. म्हणजेच ग्राहकाचे टीकास्वातंत्र्य न्यायालये सहजासहजी हिरावून घेत नाहीत. आक्षेप नेमक्या विधानांवर घ्यावा लागतो.

पहिल्या दिवशी पुरावा, नंतर तक्रार

अनेक जण अभिप्राय दिसताच ‘रिपोर्ट’चे बटण दाबतात. तो हटला तर आनंदच; परंतु त्यासोबत पुरावाही नाहीसा होतो. म्हणून आधी पुढील गोष्टी जमवाव्यात.

• अभिप्रायाचा पूर्ण स्क्रीनशॉट, त्याचा दुवा, दिसलेली तारीख व वेळ.
• लिहिणाऱ्याच्या खात्याचा दुवा आणि त्याने अन्यत्र लिहिलेले अभिप्राय. एकाच दिवशी तीन वेगवेगळ्या शहरांतील दुकानांना एक तारा देणारे खाते स्वतःच बरेच काही सांगते.
• आपल्या नोंदी : त्या तारखेच्या आसपासची जॉब कार्डे, पावत्या, अपॉइंटमेंटचे रजिस्टर. या नावाचा ग्राहक आलाच नव्हता, हे यांवरूनच दाखविता येते.
• पैशांची मागणी किंवा धमकी आली असल्यास व्हॉट्सअॅप संदेश व कॉलच्या नोंदी. चिडून संभाषण पुसून टाकू नये.
• व्यवसायात झालेली घट दाखविणारे मासिक आकडे. भरपाई मागायची असेल तर यांवाचून चालत नाही.

व्यासपीठाकडे तक्रार

गूगल, ट्रिपअॅडव्हायझर, फेसबुक यांसारख्या व्यासपीठांचे स्वतःचे नियम असतात आणि बहुसंख्य प्रकरणे तेथेच संपतात. गूगल कंपनी ग्राहक खरा की मालक, अशा वस्तुस्थितीच्या वादात निवाडा करीत नाही. त्यामुळे ‘हे खोटे आहे’ एवढेच लिहून उपयोग होत नाही. प्रत्यक्ष अनुभवावर आधारित नसलेला मजकूर, हितसंबंधांचा संघर्ष, शिवीगाळ, विषयबाह्य मजकूर, वैयक्तिक माहितीचे प्रकटन यांपैकी नेमका कोणता नियम मोडला हे निवडावे लागते. माजी कर्मचारी किंवा प्रतिस्पर्धी असेल तर हितसंबंधांचा मुद्दा सर्वांत उपयोगी ठरतो. तक्रार फेटाळली गेल्यास अपील करता येते. पुरावा नीट मांडूनच ते करावे.

याहून वेगळा मार्ग म्हणजे कायदेशीर कारणास्तव मजकूर हटविण्याचा अर्ज. त्यात कोणत्या देशाच्या कायद्यानुसार, कोणते वाक्य आणि का बेकायदा आहे, हे लिहावे लागते. न्यायालयाचा आदेश जोडल्यास या अर्जाचे वजन वाढते. मान्य झालेली कारवाई कित्येकदा त्या देशापुरतीच असते; अन्य देशांतून तोच मजकूर दिसत राहू शकतो.

दरम्यान सार्वजनिक उत्तर द्यावे, पण दोन-तीन वाक्यांचे : ‘आपल्या नावाची नोंद आमच्या रजिस्टरमध्ये आढळत नाही. कृपया पावती क्रमांकासह आमच्याशी संपर्क साधावा. आम्ही अवश्य लक्ष घालू.’ हे उत्तर लिहिणाऱ्यासाठी नसून पुढे वाचणाऱ्या शंभर ग्राहकांसाठी असते.

ओमानचा कायदा काय देतो

ओमानमधील प्रमुख आधार म्हणजे शाही फर्मान क्र. १२/२०११ अन्वये लागू झालेला सायबर गुन्ह्यांविषयीचा कायदा. त्याच्या १६ व्या कलमानुसार माहितीजालाचा वापर करून दुसऱ्याची निंदानालस्ती करणे किंवा खासगीपणावर आक्रमण करणे हा गुन्हा आहे. शिक्षा १ ते ३ वर्षांचा कारावास आणि १,००० ते ५,००० रियाल दंड, अथवा यांपैकी एक, अशी आहे. ‘पैसे द्या, नाहीतर आणखी वीस अभिप्राय टाकतो’ अशी भाषा असेल, तर जालावरून धमकावणे व खंडणी यांसंबंधीचे १८ वे कलम लागू होऊ शकते. खंडणीचा पुरावा हाती असलेले प्रकरण केवळ बदनामीच्या प्रकरणापेक्षा बळकट असते. म्हणून तक्रारीत हा भाग ठळकपणे यावा.

भरपाईसाठी नागरी व्यवहार कायदा, अर्थात शाही फर्मान क्र. २९/२०१३, आहे. त्याच्या १७६ व्या कलमाचे तत्त्व साधे आहे : दुसऱ्याला हानी पोहोचविणाऱ्याने ती भरून द्यावी. येथे हानी, ती करणारी व्यक्ती आणि दोहोंतील कार्यकारणसंबंध सिद्ध करावा लागतो. बनावट अभिप्रायांमागे प्रतिस्पर्धी व्यापारी असल्याचे दाखविता आल्यास वाणिज्य कायद्यातील, शाही फर्मान क्र. ५५/९० मधील, अनुचित स्पर्धेविषयीच्या तरतुदींचाही विचार वकिलाशी बोलून करावा.

तक्रार रॉयल ओमान पोलीस किंवा सार्वजनिक अभियोग विभागाकडे करता येते. निनावी खात्यामागची व्यक्ती शोधण्याचे अधिकार तपासयंत्रणेकडे असतात, व्यापाऱ्याकडे नसतात. त्यामुळे आरोपी अज्ञात असेल तेव्हा फौजदारी मार्ग दिवाणी मार्गापेक्षा व्यवहार्य ठरतो. फौजदारी खटल्यातच नुकसानभरपाईची दिवाणी मागणी जोडण्याचीही सोय आहे. तक्रारीवर अवलंबून असलेल्या गुन्ह्यांत मुदतीचे बंधन कडक असते; ‘पुढच्या सुट्टीनंतर बघू’ हे धोरण महागात पडते.

येथे दोन व्यावहारिक मुद्दे लक्षात ठेवावेत. पहिला, न्यायालयाची भाषा अरबी आहे. इंग्रजी, हिंदी वा मराठीत लिहिलेला अभिप्राय आणि संदेश परवानाधारक अनुवादकाकडून अरबीत करून घ्यावे लागतात. ‘फसवे’ आणि ‘चोर’ यांतील फरक अनुवादात पुसला गेला तर प्रकरणाचे स्वरूप बदलते. अनुवाद स्वतः तपासून घ्यावा. दुसरा, तक्रार कंपनीच्या वतीने कोण करणार? परदेशी भांडवल गुंतवणुकीचा कायदा, शाही फर्मान क्र. ५०/२०१९, अमलात येण्यापूर्वी सुरू झालेल्या अनेक व्यवसायांची नोंदणी ओमानी भागीदाराच्या नावे आहे. व्यवसाय चालविणारे आपण असलात, तरी व्यावसायिक नोंदणीवर ज्याची सही अधिकृत आहे त्याच्याकडून तक्रार किंवा मुखत्यारपत्र घ्यावे लागते. ही तयारी संकट येण्यापूर्वीच केलेली बरी.

शिक्षा आणि मजकूर हटणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हेही ध्यानात घ्यावे. व्यासपीठ चालविणारी कंपनी परदेशी असते; लेखक मात्र अनेकदा मस्कतमध्येच असतो. एका क्षणात अभिप्राय पुसू शकणारी व्यक्ती लेखकच असते. म्हणून त्याची ओळख पटल्यावर वकिलाची नोटीस आणि मजकूर काढून घेण्याच्या अटीवर लेखी तडजोड हा कित्येकदा सर्वांत जलद मार्ग ठरतो.

उलट फिरणारे हत्यार

ज्या १६ व्या कलमाचा आपण आधार घेतो, तेच कलम आपल्यालाही लागू आहे. संतापून अभिप्रायकर्त्याचे छायाचित्र, गाडीचा क्रमांक किंवा सीसीटीव्हीतील चित्रण मंडळाच्या व्हॉट्सअॅप समूहात टाकणारा व्यापारी फिर्यादीचा आरोपी होऊ शकतो. ‘मी खरे तेच टाकले’ हा बचाव पुरेसा नाही, कारण खासगीपणाच्या बाबतीत माहिती खरी असली तरी ती प्रसिद्ध करणे या कलमाखाली गुन्हा ठरू शकते. दवाखाना, प्रयोगशाळा किंवा क्लिनिक चालविणाऱ्यांनी अधिक सावध राहावे. उत्तर देताना रुग्णाच्या आजाराचा उल्लेख केल्यास वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्याचा, शाही फर्मान क्र. ६/२०२२ चा, प्रश्न उभा राहतो.

सरासरी सावरण्यासाठी पाच ताऱ्यांचे अभिप्राय विकत घेण्याचा मोहही टाळावा. ग्राहकाची दिशाभूल हा ग्राहक संरक्षण कायद्याचा, शाही फर्मान क्र. ६६/२०१४ चा, विषय आहे. शिवाय व्यासपीठाच्या लक्षात आले तर खऱ्या ग्राहकांचे अभिप्रायही त्यासोबत जाऊ शकतात.

लेखक किंवा व्यवसाय भारतात असेल तर

गालातील नोकरी सोडून गावी परतलेल्या कर्मचाऱ्याने तेथून अभिप्राय लिहिणे, ही कल्पना अवास्तव नाही. भारतात बदनामी १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहितेच्या ३५६ व्या कलमाखाली येते. कंपनीचीही बदनामी होऊ शकते, हे तेथे स्पष्ट केलेले आहे. कमाल शिक्षा दोन वर्षांचा साधा कारावास, दंड, दोन्ही किंवा समाजसेवा अशी आहे. दिवाणी दाव्याची मुदत मात्र अवघी एक वर्ष आहे. प्रतिवादी जेथे राहतो तेथील न्यायालयात दावा करता येतो, आणि लेखक अज्ञात असल्यास ‘अशोक कुमार’ या प्रातिनिधिक नावाने आदेश मागण्याची प्रथा भारतीय न्यायालयांत रूढ आहे.

व्यासपीठाची जबाबदारी माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या ७९ व्या कलमाने मर्यादित केली आहे. श्रेया सिंघल खटल्यात २४ मार्च २०१५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट केले, की न्यायालयाचा किंवा शासनाचा आदेश आल्यावरच व्यासपीठाने मजकूर हटविणे बंधनकारक ठरते. खासगी नोटीस पुरेशी नाही. तरीही २०२१ च्या नियमांनुसार प्रत्येक व्यासपीठास तक्रार अधिकारी नेमावा लागतो आणि त्याच्या निर्णयावर अपील समितीकडे जाता येते. हा मार्ग विनाखर्चाचा असल्याने आधी तोच वापरावा. ऑनलाइन अभिप्रायांसाठी भारतीय मानक ब्युरोने नोव्हेंबर २०२२ मध्ये आयएस १९०००:२०२२ हे मानकही आणले. परंतु ते ऐच्छिक आहे.

अन्य देशांत

संयुक्त अरब अमिरातीत २०२१ च्या ३४ क्रमांकाच्या सायबर कायद्यातील ४३ वे कलम ऑनलाइन अपमानासाठी अडीच ते पाच लाख दिरहम दंडाची तरतूद करते. ब्रिटनमध्ये एप्रिल २०२५ पासून बनावट अभिप्राय हा ग्राहक कायद्याने निषिद्ध व्यवहार आहे. इंग्लंड व वेल्समध्ये बदनामीचा दावा करणाऱ्या कंपनीला मात्र गंभीर आर्थिक हानी सिद्ध करावी लागते. अमेरिकेत व्यासपीठांना कायद्याचे कवच असल्याने, लेखिकेविरुद्ध निकाल लागूनही येल्पने मजकूर हटविलाच पाहिजे असे नाही, असे कॅलिफोर्नियाच्या सर्वोच्च न्यायालयाने २०१८ मध्ये ठरविले. तेथील संघीय व्यापार आयोगाचा बनावट अभिप्रायांवरील नियम २१ ऑक्टोबर २०२४ पासून लागू आहे. ऑस्ट्रेलियात २०२० मध्ये मेलबर्नच्या एका दंतवैद्याने निनावी अभिप्रायकर्त्याची माहिती देण्याचा आदेश गूगलविरुद्ध मिळविला होता.

थोडक्यात क्रम

१. उत्तर देण्यापूर्वी पुरावा जतन करावा.
२. योग्य नियम निवडून व्यासपीठाकडे तक्रार आणि नंतर अपील करावे.
३. संयत, लहान सार्वजनिक उत्तर द्यावे. ग्राहकाची कोणतीही माहिती उघड करू नये.
४. धमकी किंवा खंडणी असेल तर वाट न पाहता पोलिसांकडे जावे.
५. लेखक ओळखता येत असेल तर वकिलामार्फत नोटीस आणि तडजोड.
६. नुकसान मोठे आणि पुरावा भक्कम असेल तरच दावा.

एका ताऱ्याच्या एका अभिप्रायासाठी न्यायालयाची पायरी चढणे बहुधा परवडत नाही. वकील, अनुवाद आणि वेळ यांचा खर्च हानीपेक्षा मोठा होतो. संघटित हल्ला, खंडणी किंवा फौजदारी स्वरूपाचा खोटा आरोप असेल तेव्हा मात्र गप्प राहणेच महाग पडते. उरलेल्या प्रसंगी काम झाल्यावर समाधानी ग्राहकाला नम्रपणे अभिप्राय लिहिण्याची विनंती करणे, हीच सवय अधिक टिकाऊ संरक्षण देते.

(हा लेख सर्वसाधारण माहितीसाठी आहे. प्रत्यक्ष कारवाईपूर्वी ओमानमधील परवानाधारक वकिलाचा सल्ला घ्यावा.)